‘ट्रेझर चेस्ट’चे जुने अंक: काय घ्यावं, काय तपासावं, काय सोडावं

अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत १९४६ ते १९७२ या काळात मुलांच्या हातात पडणारं ‘ट्रेझर चेस्ट ऑफ फन अँड फॅक्ट’ हे कॉमिक आज जुन्या पुस्तकांच्या बाजारात फारशी शोधाशोध न करता मिळतं. विकणारे बहुतेक जण एकेक सुटा अंक विकतात आणि घेणारे मुखपृष्ठ बघून घेतात. घोळ इथेच होतो. या कॉमिकमधलं सगळ्यात चांगलं काम क्रमशः चाललेल्या मालिकांमध्ये आहे. दहापैकी तीन भाग हाती आले आणि सात राहिले, तर अंक कितीही कोरे करकरीत असोत, वाचायला काही उरत नाही. म्हणून आमचं सांगणं एकच आहे: अंक म्हणून घेऊ नका, मालिका म्हणून घ्या. पुढचं सगळं त्यासाठीच.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. प्रकाशक ओहायो राज्यातल्या डेटन शहराचे जॉर्ज ए. फ्लॉम. कॅथलिक शाळांसाठी ‘मेसेंजर’ नावाची वर्गवाचनाची पत्रंही याच प्रकाशनाची, त्यामुळे शाळांपर्यंतची वाट आधीच तयार होती. पहिल्या अंकावर १२ मार्च १९४६ ही तारीख आहे. रस्त्यावरच्या पेपर स्टॉलवर हे कॉमिक विकायला ठेवलेलं नसे. धर्मग्रामांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या समाजाच्या, शाळांमधून वर्गणी गोळा व्हायची आणि शाळा चालू असलेल्या महिन्यांत दर पंधरवड्याला अंक वर्गात वाटले जायचे. उन्हाळ्याच्या सुटीत अंक नाही. १९६६ आणि १९६७ या दोन वर्षी मात्र उन्हाळी अंक निघाले.

त्या काळाचा थोडा संदर्भ हवाच. असभ्य वाचनसाहित्याविरुद्ध अमेरिकी बिशपांनी १९३८ मध्ये एक राष्ट्रीय संघटना उभी केली होती. डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथल्या सेंट पॅट्रिक शाळेच्या आवारात मुलांनी गोळा करून आणलेल्या कॉमिक्सची होळी केली गेली. म्हणजे कॉमिक जाळणारं आणि कॉमिक वाटणारं जग एकच होतं. मुलं कॉमिक वाचणारच आहेत, तर त्यांना चांगलं कॉमिक द्या, ही दुसऱ्या बाजूची भूमिका ‘ट्रेझर चेस्ट’ने पंचवीसहून अधिक वर्षं निभावली. १९५४ नंतर पेपर स्टॉलवरच्या बहुतेक कॉमिक्सना वितरकांकडे जाण्यासाठी कॉमिक्स कोडचा, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेल्या मजकूर-नियमांचा, शिक्का लागू लागला, पण शाळेतून वाटल्या जाणाऱ्या या अंकांचं पोट त्या शिक्क्यावर नव्हतं.

आता कामाची गोष्ट, क्रमांकांची. यावर ‘खंड’ आणि ‘अंक’ असे दोन आकडे असतात. शाळेचं एक वर्ष म्हणजे एक खंड. पहिला खंड १९४६ च्या वसंतातला, अवघ्या सहा अंकांचा. त्यानंतर साधारण सप्टेंबरात अंक १ सुरू व्हायचा आणि जूनपर्यंत अंक २० यायचा. शेवटच्या वर्षांत ही संख्या घटली. खंडावरून वर्ष काढायची सोपी रीत अशी: खंडाच्या आकड्यात १९४४ मिळवा, ते शालेय वर्ष कोणत्या साली सुरू झालं ते कळतं. खंड १७ म्हणजे १९६१ च्या सप्टेंबरपासून १९६२ च्या जूनपर्यंत. खंड १९ म्हणजे १९६३-६४. शेवटचा खंड २७, म्हणजे १९७१-७२. हे गणित पाठ असलं की विक्रेत्याच्या वर्णनातली चूक तिथल्या तिथे पकडता येते. ‘खंड १७, सन १९५९’ असं लिहिलेलं दिसलं तर दोन्हीपैकी एक नक्की चूक आहे, आणि आतल्या पानाचा फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वर्णनात नुसतं ‘ट्रेझर चेस्ट, अंक १०’ लिहिलेलं असतं तेव्हा. अंक १० जवळपास दरवर्षी निघालेला आहे. खंडाचा आकडा विक्रेत्याने गाळला, की आपण दुसऱ्याच दशकातला अंक घरी आणतो. म्हणून विचारायचे प्रश्न तीन: खंड कोणता, अंक कोणता, आणि अंकावर छापलेली पूर्ण तारीख काय. तिन्ही जुळली पाहिजेत. ‘मुखपृष्ठावर दिसत नाही’ असं उत्तर आलं, तर पहिल्या पानाच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांतल्या मजकुराचा फोटो मागा. प्रकाशकाचं नाव, खंड, अंक आणि तारीख शोधण्याची ती जागा.

मालिकांत पहिलं नाव ‘पेटिग्रू फॉर प्रेसिडेंट’चं. खंड १९, अंक ११ ते २०, म्हणजे १९६४ च्या जानेवारीअखेरीपासून जूनपर्यंत लागोपाठ दहा भाग. लेखन बेरी रीस यांचं, चित्रं जो सिनॉट यांची. हे तेच सिनॉट, ज्यांनी मार्व्हलच्या ‘फँटास्टिक फोर’ या कॉमिकमधल्या जॅक कर्बी यांच्या पेन्सिलचित्रांवर शाई फिरवली आणि ज्यांचं नाव त्या कामामुळे आजही घेतलं जातं. कथा तेव्हाच्या भविष्यातली, १९७६ च्या निवडणुकीतली. न्यूयॉर्कचा गव्हर्नर टिम पेटिग्रू राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी उभा राहतो. प्राथमिक फेऱ्या, प्रतिनिधींची जुळवाजुळव, भाषणं, अधिवेशन, असा प्रचाराचा सगळा प्रवास मुलांना समजेल अशा बेताने उलगडतो. नागरिकशास्त्राचा धडा म्हणूनही ही मालिका पक्की आहे.

पण तिची खरी ताकद एका न दाखवलेल्या गोष्टीत आहे. दहा भागांत पेटिग्रूचा चेहरा वाचकाला दिसत नाही. कधी तो पाठमोरा असतो, कधी सावलीत, कधी चेहऱ्याच्या आड काहीतरी येतं, कधी चौकटच खांद्याशी संपते. वाचताना हे आधी खटकत नाही, आणि सिनॉटची कमाल इथेच आहे. प्रत्येक चौकटीत बघणाऱ्याची नजर दुसरीकडे जाईल अशी मांडणी आहे. कोणीतरी बोट दाखवतंय, कोणीतरी बोलतंय, गर्दी हलतेय. चार-पाच भाग झाले की मग प्रश्न पडू लागतो, हा माणूस दिसतो कसा? शेवटच्या भागाच्या शेवटच्या पानावर तो समोर येतो आणि कळतं की तो कृष्णवर्णीय आहे. चार महिन्यांहून अधिक काळ ज्याच्या बाजूने मुलं उभी राहिली, त्याचा रंग सगळ्यात शेवटी. अध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली ती २ जुलै १९६४ ला, म्हणजे मालिका संपल्यावर. २००८ मध्ये ओबामा निवडून आले तेव्हा या मालिकेची आठवण पुन्हा निघाली आणि तेव्हापासून तिच्या अंकांना मागणी वाढली.

घेताना लक्षात ठेवा: शेवटचा भाग, खंड १९ अंक २०, सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून आधी तो मिळवावा आणि मग मागचे भरत यावं. उलट केलं तर नऊ अंक जमतात आणि दहाव्यासाठी थांबावं लागतं. त्या अंकाचं शेवटचं कथापान फाटकं नाही ना, हे फोटोवरून तपासल्याशिवाय व्यवहार करू नये. त्या एका पानाशिवाय दहाही अंकांचं मोल निम्मं होतं.

दुसरी मोठी मालिका ‘धिस गॉडलेस कम्युनिझम’. खंड १७, सप्टेंबर १९६१ ते जून १९६२. इथे एक बारकावा फार उपयोगी पडतो. ही मालिका फक्त सम क्रमांकाच्या अंकांत आली: २, ४, ६ असं करत २० पर्यंत, एकूण दहा भाग. विषम अंकांत तिचं एकही पान नाही. मालिकेसाठी पूर्ण वीस अंकांचा गठ्ठा घेण्याची गरज नाही, आणि ‘मालिकेतला भाग’ म्हणून कोणी खंड १७ चा अंक ७ विकत असेल तर तो चुकतो आहे. चित्रं रीड क्रँडल यांची. पहिल्या भागात एफबीआयचे संचालक जे. एडगर हूवर यांचं पत्र छापलेलं आहे, आणि अमेरिका साम्यवाद्यांच्या हाती गेली तर शाळा, चर्च, घर यांचं काय होईल याचं कल्पनाचित्र आहे. पुढे मार्क्स, लेनिन, स्टॅलिन, ख्रुश्चेव्ह असा इतिहास येतो.

मजकूर म्हणून ही मालिका एकतर्फी आहे, शीतयुद्धाच्या ऐन भरातली, आणि मुलांना भीती वाटावी हाच तिचा हेतू आहे. आजच्या मुलाच्या हातात ती एकटी देऊ नये, शेजारी बसून वाचावी. चित्रकला म्हणून मात्र ती या कॉमिकमधली सर्वांत उंच जागा आहे. क्रँडल बारीक, एकमेकांवर आडव्या-उभ्या रेषा ओढून छाया भरत. बर्फात उभे सैनिक, लांब कोटांच्या घड्या, गर्दीतला प्रत्येक चेहरा वेगळा. याच बारीक रेषांमुळे प्रत निवडताना सावध राहावं लागतं. वर्तमानपत्री कागद शाई पितो. छपाई दाट झाली असेल तर रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो आणि क्रँडलचं अर्धं काम नाहीसं होतं. एकाच अंकाच्या दोन प्रती समोर असतील तर कमी चुरगळलेली नको, स्वच्छ छापलेली घ्या. त्यासाठी आतल्या पानावरची एखादी सावलीची जागा जवळून दाखवणारा फोटो मागावा. मुखपृष्ठाच्या फोटोवरून हे कधीच कळत नाही.

तिसरी, तुलनेने दुर्लक्षित मालिका पोप जॉन तेविसावे यांच्या चरित्राची, खंड १८ मधली, म्हणजे १९६२-६३ सालची. चित्रकार पुन्हा सिनॉट. त्याच ऑक्टोबरात, १९६२ मध्ये, दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा, सुरू झाली होती, आणि पोप ३ जून १९६३ ला वारले. म्हणजे मुलांनी हे चरित्र वाचायला घेतलं तेव्हा चरित्रनायक हयात होता. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलापासून रोमपर्यंतचा प्रवास सिनॉटनी गाजावाजा न करता रेखाटला आहे, आणि चेहऱ्यातलं साम्य सांभाळण्यात ते किती पक्के होते ते इथे दिसतं. पुढे १९८२ मध्ये मार्व्हलने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर कॉमिक काढलं, त्याच्या चित्रांतही सिनॉट यांचा हात होता. खंड १८ चे अंक पेटिग्रूइतके कोणी धरून बसत नाही, म्हणून सुरुवात करणाऱ्याला ही मालिका जमवणं सोपं जातं.

याशिवाय ‘चक व्हाइट’ नावाच्या शाळकरी मुलाची मालिका कितीतरी वर्षं चालली. ती सलग जमवायच्या नादी लागू नये, दोन-चार खंड वाचले की चव कळते. फ्रँक बोर्थ यांचं काम हलकं, हसतं आणि हातखंडा आहे. ग्रॅहम इंगल्स यांचं नाव दिसलं तर थांबा: ईसी कंपनीच्या भयकथांसाठी गाजलेल्या या चित्रकाराने, त्या कथा बंद पडल्यावर, इथेही काम केलं. कॉमिकविरोधी लाटेने ज्याची रोजीरोटी काढून घेतली, त्याला कॅथलिक शाळांच्या कॉमिकने काम दिलं, ही गोष्ट त्या काळाबद्दल बरंच सांगते.

चाळिशीच्या दशकातले अंक आम्ही वाचनासाठी सुचवत नाही. चौकटीवर निवेदनाचे ठोकळे जास्त, फुगे गच्च भरलेले, संतचरित्रं घाईघाईने संपवलेली. साठच्या दशकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत लेखन आणि चित्रं दोन्ही एका उंचीवर आली, आणि पैसे तिथेच घालावेत.

आणखी एक दोष सगळ्या काळात आहे. मिशनऱ्यांच्या कथा फक्त जाणाऱ्याच्या बाजूने सांगितल्या आहेत. ज्यांच्या देशात तो गेला ती माणसं पार्श्वभूमीला उभी असतात. मुलींना मुलांइतकं काम नाही. वर्गात वापरायचा विचार असेल तर कथा निवडून घ्याव्या लागतील, सरसकट गठ्ठा पुढे ठेवता येणार नाही.

धर्मविधींच्या चित्रांकडे लक्ष दिलं तर एक वेगळाच फायदा होतो. अमेरिकेतल्या धर्मग्रामांत इंग्रजी मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी इंग्रजीतून, सुरू झाली ती नोव्हेंबर १९६४ च्या शेवटी. त्याआधीच्या अंकांत फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभे दिसतात, कम्युनियन घेणारे कठड्यापाशी गुडघे टेकलेले असतात आणि प्रार्थना लॅटिन असते. मुखपृष्ठ गेलेला, तारीख फाटलेला अंक कोणत्या काळातला, याचा ढोबळ अंदाज यावरून बांधता येतो. जुनी कथा नंतर पुन्हा छापली गेली असण्याची शक्यता धरून चालावं, त्यामुळे हा एकटाच पुरावा मानू नये.

आता प्रत हातात आल्यावर काय बघायचं. हे अंक दुकानातून थेट संग्राहकाच्या कपाटात गेलेले नाहीत. वर्गात वाटले गेले, दप्तरात कोंबले गेले, भावंडांनी वाचले. म्हणून मुखपृष्ठावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव, वर्गाचा आकडा, शाळेचा शिक्का, सोडवलेली कोडी हे सगळं येणारच. वाचणाऱ्याने यावर अडून बसू नये. नावामुळे किंमत उतरते आणि कथेचं काही बिघडत नाही. मात्र कोड्याच्या किंवा हस्तकलेच्या पानावरून तुकडा कापून घेतलेला असेल, तर त्या पानाच्या मागच्या बाजूला कथा असते. भोक तिथेही पडलेलं असतं. ‘एका पानाचा छोटा तुकडा नाही’ असं वर्णन असेल तर मागच्या बाजूचा फोटो बघितल्याशिवाय मान्य करू नका.

पानं मोजणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. पिनांनी शिवलेला अंक दुमडलेल्या कागदांचा असतो आणि प्रत्येक कागद चार पानं देतो. म्हणून एकूण पानं चारच्या पटीत आली पाहिजेत. एखादा कागद निसटून गेला असेल तर खाडा एकाच ठिकाणी पडत नाही, मध्यापासून सारख्या अंतरावर दोन ठिकाणी पडतो. समजा आतली पानं ३२ आहेत आणि ५-६ नाहीत, तर २७-२८ सुद्धा नसणार, कारण ती त्याच कागदावर आहेत. विक्रेता ‘एकच पान गेलंय’ म्हणत असेल आणि जोडीदार पान जागेवर असेल, तर पान फाडलेलं आहे आणि उरलेला अर्धा कागद पिनांपाशी सैल लोंबतो आहे. तो पुढे निघून येणार.

सर्वात आधी सुटते ती मधली जोडी. पिनांच्या पायांचं टोक तिथे उघडं असतं, दमट हवेत ते गंजतं आणि गंज कागद खातो. पिनेभोवती तपकिरी कडं दिसलं की ओळखा. थोडं बोट लावून मधली जोडी हलते का ते बघावं, ओढून बघू नये. गंजकी पिन काढून नवी मारण्याचा मोह आवरा. छिद्राभोवतीचा कागद आधीच पिठासारखा झालेला असतो, पिन बाहेर काढताना छिद्राची खाच होते, आणि मग एकाच्या जागी सगळे कागद सुटतात.

वासाकडे दुर्लक्ष नको. जुन्या कागदाचा कोरडा, किंचित गोडसर वास चालतो. ओल्या तळघराचा कुबट वास आला तर तो अंक इतरांपासून वेगळा, कोरड्या जागी ठेवा. बुरशी शेजारच्या अंकात जाते. चिकटपट्टीने जोडलेल्या कण्याचे अंक वाचायला हरकत नाही, पण ती पट्टी सोडवायला जाऊ नका. तिचा डिंक कागदात मुरून पिवळा झालेला असतो आणि पट्टीबरोबर वरची छपाई निघते. घरी इस्त्री फिरवून सुरकुत्या काढण्याचे सल्ले सर्रास मिळतात. शाई चमकू लागते, कागद कडक होतो, ते करू नये.

ठेवायचं कसं? हा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहिलेला, म्हणून उजेडात आणि उष्णतेत तो पिवळा पडून ठिसूळ होतो. आम्ल कागदात जन्मापासून आहे. आपण फक्त त्याचा वेग कमी करू शकतो. तापमान १८ ते २१ अंश सेल्सियसच्या आसपास, आर्द्रता ४० ते ५० टक्के, आणि मुख्य म्हणजे दोन्ही स्थिर. दिवसा गरम आणि रात्री गार होणारं माळ्याचं कपाट सगळ्यात वाईट. पिशवी घ्यायची तर पॉलिएस्टरची, म्हणजे मायलार नावाने मिळते ती. पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त असते, चालते, पण पाच ते सात वर्षांनी बदलावी. पीव्हीसीची कधीच नको. मागचा पुठ्ठा नुसता वरून लेप दिलेला नसावा, आतपर्यंत आम्लरहित आणि कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला असावा.

माप नीट घ्या. चाळिशीच्या दशकातली कॉमिक्स साठच्या दशकातल्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे एकाच मापाच्या पिशव्यांचा गठ्ठा सगळ्यांना बसत नाही. अंकाची रुंदी मोजून त्याहून साधारण पाव इंच मोठी पिशवी घ्यावी. घट्ट बसली तर सरकवताना खालचे कोपरे दुमडतात. आणि पिशवीचं झाकण चिकटपट्टीने बंद केलेलं असेल तर अंक बाहेर काढण्याआधी ती पट्टी पूर्ण सोडवून झाकण मागे वळवून धरा. उघडी चिकट बाजू मुखपृष्ठाच्या वरच्या कडेला लागते आणि ओढताना रंगाचा पट्टा घेऊन निघते. इतकी वर्षं जपलेला अंक त्या एका ओढीत खराब होतो. अंक खोक्यात उभे ठेवावेत, कलू नयेत इतके भरून, पण बोट आत जाईल इतकी जागा सोडून.

प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, दहापैकी गुण देऊन मिळणाऱ्या प्रती या कॉमिकच्या बाबतीत आम्हाला निरर्थक वाटतात. अशा डबीचा खर्च सामान्य अंकाच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि कथा कायमची कुलपात जाते. पेटिग्रूचा शेवटचा अंक अपवाद धरता येईल, पण तिथेही वाचायची एक प्रत वेगळी असावी.

फक्त वाचायचंच असेल तर पैसे घालण्याआधी वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकाचं अभिलेखागार उघडा. त्यांनी या कॉमिकचे बरेच खंड स्कॅन करून सगळ्यांना मोफत बघायला ठेवले आहेत. अमेरिकेत १९६४ पूर्वी छापलेल्या साहित्याच्या हक्काचं २८व्या वर्षी नूतनीकरण करावं लागे, आणि ते न झाल्यास हक्क संपत असे. जुन्या शालेय साहित्याचं स्कॅनिंग सोपं झालं त्यामागे हा नियम आहे. मालिका आधी तिथे वाचून काढा, आवडली तरच अंक जमवायला घ्या. क्रँडलच्या रेषा मात्र स्कॅनमध्ये मोठ्या करून बघितल्या तर रंगांचे ठिपके वर येतात आणि रेषा मागे पडते. त्या कागदावरच बघाव्यात.

शेजारच्या दोन नावांबद्दल थोडं. मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या कॅटेकेटिकल गिल्डचं ‘टॉपिक्स’ १९४२ ते १९५२ चाललं. संतकथांचा भर तिथे जास्त, आणि चित्रांचा दर्जा अंकागणिक बदलतो. चार्ल्स शुल्झ यांनी ‘पीनट्स’ या आपल्या गाजलेल्या चित्रमालिकेच्या आधी तिथे अक्षरलेखनाचं काम केलं, आणि त्यांची पहिली छापील व्यंगचित्रं ‘जस्ट कीप लाफिंग’ या मथळ्याखाली १९४७ मध्ये तिथेच आली. ते अंक महाग आहेत आणि त्यांची किंमत शुल्झमुळे आहे, आतल्या कथांमुळे नाही. कोणी १९४७ चा कुठलाही ‘टॉपिक्स’ शुल्झचा म्हणून विकत असेल तर ते पान दाखवायला सांगा. १९४६ ते १९४९ या काळातलं ‘कॅथलिक कॉमिक्स’ एखादा नमुना म्हणून ठेवावं, त्यापलीकडे नाही.

घ्यायचा क्रम आमच्या मते असा. आधी खंड १९ चा अंक २०, मग त्याच खंडाचे ११ ते १९. त्यानंतर खंड १७ चे दहा सम अंक, छपाई बघून. मग खंड १८. गठ्ठ्याने घेताना विक्रेत्याकडून प्रत्येक अंकाची पानं मोजून घ्या आणि मधल्या जोडीबद्दल लेखी उत्तर घ्या. पार्सलमध्ये अंकाच्या दोन्ही बाजूंना अंकापेक्षा इंचभर मोठे जाड पुठ्ठे असावेत, आणि पुठ्ठे एकमेकांना चिकटवलेले असावेत, पिशवीला नव्हे. हे ऑर्डर देतानाच लिहून कळवा.